वेगाचा कंटाळा

प्रिय दादा,

समोर बसून बोलले असते तर तू चहाचं निमित्त काढून सटकला असतास, म्हणून लिहितेय. आता निमूट वाच, आणि मधेच वहिनीला हाक मारू नकोस.

परवा छापखान्याच्या तळघरात आपली तालीम संपल्यावर घोगऱ्याने मला जिन्यात गाठलं. बिचारा रडवेला झाला होता. म्हणे, आपला डेथ मेटलचा बँड, आणि तुझ्या दादाने मला नव्या गाण्यात चक्क गायला लावलंय! एवढा घसा खरवडून गुरगुरायला शिकलो ते काय अंगाई म्हणायला? मी हसून हसून बेजार. पण त्याचं दुखणं खरं आहे. लोकही बोलतातच: म्हातारे झाले, संथ, लांबलचक, ‘प्रोग्रेसिव्ह’ वाजवायचं खूळ शिरलंय, गिटारवाल्याला शिंगं फुटली. तू सगळं ऐकून घेतोस आणि एकच पालुपद लावतोस, की मला आता वेगाचा कंटाळा आला.

तुला? वेगाचा कंटाळा? शाळेत असताना बाबांनी गिटार कपाटात कुलूपबंद केली, तर झाडूवर बोटं नाचवत बसलेला तू! आईने कपाळाला हात लावला होता. मला ड्रमवर बसवलंस तेही तुझ्या वेगाला दुसरं कुणी पुरेना म्हणून.

तरी सुरुवातीला मी विश्वास ठेवला. नवी गाणी आवडलीच मला, खोटं कशाला बोलू. ते लांबलचक गाणं तर फारच. त्यात झांजेवर काठी नुसती टेकवायची आणि आवाज विरेपर्यंत थांबायचं. आजवर मी धडाधड बडवत होते, आपण काय वाजवतो ते कधी ऐकलंच नव्हतं. पण मग लक्षात यायला लागलं. कुठल्याही गाण्यात जलद तुकडा आला की त्याच्या पाठोपाठ तू एकट्या गिटारचा संथ भाग टाकतोस. मी काठ्या मांडीवर ठेवते, मनगट चोळते, आणि हाताच्या मुंग्या थांबल्या की बरोब्बर माझी पाळी येते. एखाद्याच गाण्यात असतं तर योगायोग म्हटला असता. लबाडा, तू माझ्या मनगटाच्या मापाने गाणी बेततोयस!

आधी तुझा रागच आला, मग खूप रडले. वहिनीला खोदून विचारलं तर म्हणाली, तू दार लावून, हेडफोन घालून आपली जुनी, जलद गाणी वाजवत बसतोस. आणि माझ्या मनगटाबद्दल डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलंय, संथ वाजवायला हरकत नाही, पण पूर्वीचा वेग आता येणार नाही. हे मी तुझ्यापासून लपवलं होतं. काय उपयोग झाला म्हणा!

तर ऐक. आपल्या आधी तळघरात तालीम करणाऱ्या बँडमधला ड्रमवाला लंबू आहे ना, त्याच्याशी मी बोललेय. शनिवारी तो तालमीला येईल. जुनी गाणी तो वाजवेल, आणि तू नवी लिहिशील तीही, हवी तितकी जलद. घोगऱ्याला पोटभर गुरगुरू दे. लांबलचक गाणं मात्र माझंच. ते आलं की लंबूला उठव. चिडू नकोस, मी बँड सोडत नाहीये. पण कायम ड्रमच्या मागे बसून मला दिसली ती फक्त तुझी पाठ. जीव तोडून वाजवताना तुझा चेहरा कसा होतो, ते समोरच्या गर्दीतल्या पोरांनी पाहिलंय, मी नाही. शनिवारी मी समोर बसणार आहे.

तुझीच,
धाकटी