उसना आवाज

सोमवार
अखेर लागले बाई कामाला! पगार नाही, पण जागा झकास: सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची खोली, तीन टेबलं आणि सतत खालून येणारी ठोकाठोक. आंधळ्यांना पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम ही मंडळी फुकट बनवतात, फुकट वाटतात. माझा दादा त्याच्याच जिवावर रोज पेपर वाचतो, म्हणून मीही आले. वेबसाइट म्हणजे नुसता पसारा, निम्म्या लिंका तुटलेल्या. साध्या मजकुरापासून साइटची पानं बनवणारं टूल मी सुधारायचं ठरलंय. प्रमुखांना सगळे मुकादम म्हणतात. चहा भयंकर करतात, पण माणूस लाख!

बुधवार
टूल ताळ्यावर आलं. मजकूर दिला की पान बनतं, आणि ते वाचणारा आवाजही जोडला जातो. तो आवाज इथल्या एका शाळेतल्या बाईंचा. त्यांनी हौसेने रेकॉर्ड करून दिलेला. गोड, जरासा दटावणारा. आज माझ्याकडून चुकून रिकामंच पान बनलं. तरी बाई बोलल्या. कुणी आहे का तिथे, असं विचारत होत्या. मुकादम म्हणाले, जुनं काहीतरी उरलं असेल, पुसून टाक. पुसलं.

शनिवार
पुसून उपयोग नाही. रिकामं पान बनवलं की बाई बोलतातच. दुपारी सरळ त्यांच्या घरी गेले. दार नवऱ्याने उघडलं, बाई मागे उभ्या. तो म्हणाला, रेकॉर्डिंग संपलं त्या दिवसापासून हिच्या तोंडून शब्द नाही. डॉक्टरांना घशात काही सापडत नाही. मी मोबाइलवर ते पान लावलं. वाटलं, बाई कान झाकतील. त्यांनी माझं तोंड दाबून धरलं. घट्ट.

रविवार
दादाला सांगायला गेले तर स्वारी खुशीत. मुकादमांना पुरुषाचाही आवाज हवा होता म्हणे. मला चकित करायचं म्हणून याने गुपचूप रेकॉर्ड करून आत्ताच पाठवला. मी माइकची वायर उपटली. कडाडून भांडलो. मी केलेलं काहीच तुला बघवत नाही, म्हणाला. मग गप्प. रुसला असेल.

सोमवार
रुसलेला नाही. तोंड उघडतो, मिटतो. घसा चाचपतो. रडला — नुसतेच खांदे हलले.
मुकादमांना फोन केला. ते म्हणाले, अगं काय सुंदर वाचतो तुझा भाऊ, साइटवर चढवलासुद्धा! आत्ताच्या आत्ता उतरवा, मी किंचाळले. बराच वेळ फोनवर नुसती कीबोर्डची खटखट. मग हळूच म्हणाले, उतरत नाहीये.

मंगळवार
कॉम्प्युटरची वायर काढली. तरी दादाचा आवाज बोलतोय, बाहेरच्या खोलीतून. दादा इथे माझ्याजवळ, दंड धरून बसलाय. ओठ मिटलेले. आणि तिकडे तोच म्हणतोय — इथे खूप गर्दी आहे. सगळे वाचत बसलेत. थांबू देत नाहीत.

मला हाका मारतोय. लहानपणच्या नावाने.

ओ द्यायची नाही. तोंड दाबून बाईंनी तेच तर —

पुन्हा हाक. रडवेली. आई गेली तेव्हाच फक्त असा —

दिली ओ. सवयीने, निघूनच गेली तोंडून —

नाही. ओठ हलले नुसते.

ओ बाहेरच्या खोलीतून आली. माझाच आवाज. आता तिकडची मी दादाला बोलावतेय, इकडे ये म्हणतेय, लाडाने —

दादाने माझा दंड सोडला. उठला. मी इथेच आहे हे त्याला दिसत नाही, मी ओरडतेय ते ऐकू — हात धरला तर झटकून, आवाजाकडे —

दारापाशी पोच—