साहेबांच्या सहीची पत्रं

२१ जून १९८२, सोमवार

आज पाच मिनिटं मी आमदार झाले!

हे परवा अधिवेशनाला मुंबईला गेले. जाताना बजावून गेले, "कुणी आलं तर चहा पाज, नाव लिहून घे, साहेब आल्यावर बघतील म्हण." दोन दिवसांत अठ्ठावीस नावं झाली. चहापत्तीचा डबा रिकामा. काम एकाचंही नाही.

आज बोरतळवाडीच्या बौद्धवाड्यातली सरजाबाई आली. दहा मैल चालत. जयभीम घालून उंबऱ्यातच बसली. वस्तीवरचा हातपंप दोन महिने बंद. चहा पुढं केला तर हात आडवा — "चहा नगं वैनी. चिठ्ठी द्या." साहेब आल्यावर देतील, म्हटलं. तर म्हणते कशी, "साहेब येईस्तोवर आमी ऱ्हातोत का न्हाई, कुणाला ठावं!" आणि स्वतःच खळखळून हसली. तिच्या त्या हसण्यानं माझं टाळकं फिरलं.

कपाटातून यांचं छापील पत्राचं पॅड काढलं. तहसीलदार साहेबांस लिहिलं — हातपंप आठ दिवसांत दुरुस्त व्हावा. खाली सही ठोकली. साहेबराव! एकोणीस वर्षं बघतेय ती सही. माझी यांच्यापेक्षा झोकदार आली.

सरजाबाई गेल्यावर मग पॅड कपाटात पार तळाशी दडवलं.

२६ जून

हातपंप सुरू झाला!! पाच दिवसांत!

बातमी महेबूबनं आणली. आमची जीप तोच चालवतो, यांच्या पहिल्या निवडणुकीपासून. दाढी पिकली त्याची या धुळीत. "बाई, तहसीलीत साहेबांच्या चिठ्ठीला लई वजन आलंय बघा. पहले तो कोई पूछता नै था." मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून हसले.

३ जुलै

आज तीन पत्रं. टँकर, टँकर, आणि एका मास्तराची बदली. बदलीत पडायला नको होतं. पण वर्ग सोडून पोरींना स्वतःच्या घरचं पाणी भरायला लावतो म्हणे. जाऊ दे की कुठंतरी लांब! पत्रं पोचवायला महेबूबच, म्हणून त्याला सगळं सांगूनच टाकलं.

११ जुलै

हे दोन दिवसांसाठी घरी. वाटेत बोरतळवाडीच्या लोकांनी गाडी अडवून हार घातले. घरात आले ते हार गळ्यात ठेवूनच.

"लोक लई खूश हायेत. मी तर काहीच केलं न्हाई!"

"तुमच्या नावातच साहेब हाय," मी म्हटलं आणि तांदूळ निवडायला घेतले. निवडलेलेच होते.

जाताना पॅडची दोन नवी बंडलं कपाटात ठेवून गेले. मुंबईत स्वस्त छापून मिळाली म्हणाले. चला, माझी सोय झाली.

१९ जुलै

पावसाचा पत्ता नाही. पेरलेलं करपलं. गावोगाव बायका घागरी घेऊन रस्त्यावर, आणि उदगीरच्या हॉटेलांत एकच विषय — नवा जिल्हा! सोळा ऑगस्टपासून आपण लातूरचे. उस्मानाबादच्या खेपा संपल्या. जिल्हा नवा म्हणजे कमिट्या नव्या, खुर्च्या नव्या. जिल्हा परिषदेतले श्रीमंतराव दोन निवडणुका आमच्या आमदारकीवर डोळा ठेवून आहेत. त्यांनी म्हणे नवा कोट शिवायला टाकलाय. या उन्हात कोट!

दुपारी यांचा ट्रंककॉल. आवाज अगदी बारीक, कुणी ऐकेल म्हणून. "माझं नाव वर गेलंय. राज्यमंत्री! अठरा ऑगस्टला नामदार स्वतः उदगीरला येणार हायेत, नव्या जिल्ह्याच्या सभेला. तोवर काही गडबड नको."

"गडबड कोण करतंय?" मी विचारलं.

तिकडून नुसती खरखर. मग फोन कटला.

राज्यमंत्री! पंधरा वर्षं हा माणूस दुसऱ्यांच्या सभांना सतरंज्या टाकत होता. मोठ्या पुढाऱ्यांच्या मागं उभं राहून फोटोत अर्धाच यायचा. व्हायला पाहिजे. आता नीट वागायचं, ठरवलं.

२ ऑगस्ट

नाही वागले.

सरजाबाई आली, सोबत पाच जणी. चार गावांचे टँकर आठ दिवस बंद. का? तर ते उदगीरला लावलेत. सभेचं मैदान रोज भिजवायचं, रस्ता भिजवायचा. मंत्र्याच्या अंगावर धूळ उडू नये म्हणून!

"आमच्या लेकरायला प्यायला न्हाई, आन् तितं मातीला पाजून राहिले," सरजाबाई म्हणाली. आज हसली नाही.

मी लिहिलं ते असं: "सतरा तारखेपर्यंत टँकर पूर्ववत न झाल्यास माझ्या मतदारसंघातील भगिनी रिकाम्या घागरी घेऊन सभेस येतील, आणि मी व्यासपीठावर न बसता त्यांच्यात बसेन." सही.

महेबूबला वाचून दाखवलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "नक्को बाई. ये चिठ्ठी नक्को. साहेबांचं मंत्रीपद जाईल."

मी म्हटलं, मग फाड. त्यानं कागद हातात घेतला. फाडला नाही. जीप काढली आणि घेऊन गेला.

३ ऑगस्ट

सकाळी उठल्याबरोबर महेबूबला विचारलं, ते पत्र परत आणता येईल का?

"तहसीलीच्या आवक वहीत चढलं, बाई. नंबर पडला."

१२ ऑगस्ट

टँकर आले नाहीत. तहसीलीतून उत्तरही नाही. हे उद्या येणार.

१५ ऑगस्ट

सांगायचं म्हणून तीनदा यांच्यासमोर गेले. पहिल्यांदा हे भाषण पाठ करत होते. दुसऱ्यांदा नव्या सदऱ्याची बटणं लावून आरशात बघत होते, लग्नात बघितलं तसं. तिसऱ्यांदा मीच परत फिरले.

१८ ऑगस्ट

आधी लिहून काढते, नाहीतर उद्या खोटं वाटेल.

मैदानात शिरले तर ओल्या मातीचा वास. पेरणीनंतर पहिल्यांदाच, आणि तोही टँकरचा! कमानी, पताका, श्रीमंतराव कोटात घामाघूम. हे व्यासपीठावर, नामदारांच्या शेजारच्या खुर्चीत. आज फोटोत पूर्ण येणार होते.

नामदार बोलायला उठले आणि मागून बायका आल्या. दोनशे तरी असतील. घोषणा नाही, आरडाओरडा नाही. पुढं येऊन मंत्र्यासमोर बसल्या, घागरी पालथ्या घातल्या आणि सरजाबाईनं पहिली थाप मारली. मग सगळ्यांनी. नवा जिल्हा, नवं पर्व, असं काहीतरी नामदार म्हणत होते. एक अक्षर ऐकू येईना!

श्रीमंतराव याचीच वाट बघत होते. कोटाच्या खिशातून, तहसीलीतून मिळवलेलं ते पत्रच काढलं आणि नामदारांच्या हातात दिलं. "बघा, तुमच्या लाडक्या आमदाराचे उद्योग!"

घागरी थांबल्या. नामदारांनी वाचलं. कागद यांच्यापुढं धरला. माईक चालूच होता.

"ही सही तुमची?"

मी बायकांच्या बाजूला उभी राहिले. सांगणारच होते, माझी आहे म्हणून. पण यांनी आधीच कागद हातात घेतला.

यांनी चष्मा लावला. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं, सावकाश. घडी घातली. खिशात ठेवली.

"हाव. माझीच हाय."

आणि उतरले! पायऱ्यांवरून खाली, सरळ बायकांत. त्या चिखलात, नव्या धोतरानिशी, सरजाबाईच्या शेजारी मांडी घालून बसले. तिनं स्वतःची घागर यांच्यापुढं सरकवली. यांनी वाजवली. ताल अगदीच गेलेला.

मी रडत होते की हसत होते, मलाच कळलं नाही.

१९ ऑगस्ट

चारही गावांचे टँकर सुरू.

२४ ऑगस्ट

पेपरात यादी आली. यांचं नाव नाही. नव्या जिल्ह्यातल्या एका कमिटीवर श्रीमंतराव. आमचा ओटा रिकामा. आठवड्यापूर्वी पाय ठेवायला जागा नव्हती तिथं.

जेवताना सगळं सांगून टाकलं. पहिल्या हातपंपापासून. एकूण त्रेपन्न पत्रं. मी तुमचं मंत्रीपद खाल्लं, म्हटलं.

हे म्हणाले, "वरणात मीठ कमी हाय."

बस. एवढंच! ओरडले असते तर बरं झालं असतं.

२६ ऑगस्ट

तहसीलीत गेले. अव्वल कारकून ज्ञानोबांसमोर उभी राहिले आणि कबूल केलं — ती सगळी पत्रं माझी, साहेबांचा दोष नाही.

ते खुर्चीतून उठले, मला बसायला दिलं. "वहिनी, आम्हाला पहिल्या पत्रालाच कळलं, अक्षर साहेबांचं नाही. मुंबईला फोन लावला. साहेब म्हणाले, बाईच्या हातची चिठ्ठी आली की ते काम आधी करा, माझं मागून." मग खाली बघत हळूच, "त्या घागरीच्या पत्राच्या वेळीही त्यांना फोनवर विचारलं होतं. पूर्ण वाचून घेतलं त्यांनी. लई वेळ हसले. म्हणाले, नंबर टाका."

घरी आले. हे ओट्यावर एकटेच. विचारलं, मला का नाही सांगितलंत?

"सांगितलं असतं," हे म्हणाले, "तर तू मला विचारून लिहिली असतीस."