बारावं कडवं

२ डिसेंबर १९४६, सोमवार. पहाटे.

टक्, टक्, टक्, टक्. आज पुन्हा तो आवाज कानात घेऊनच जाग आली. साताऱ्याची शाळा, साल १८९०. हेडमास्तर टेबलावर रूळ आपटून ठेका धरत आणि आम्ही चाळीस मुलं एका दमात ती इंग्रजी नदीची कविता म्हणत असू. अठरा कडवी. एक हलका, एक जड. एक हलका, एक जड. चुकला त्याच्या बोटांवर तोच रूळ, त्याच ठेक्यात. काय दिवस होते.

पुढे मी स्वतः छत्तीस वर्षं तीच कविता शिकवली. मी पेन्शनीत निघालो आणि नव्या पुस्तकातून तीही निघाली. आज सगळ्या सांगलीत ती पुरी येणारा मी एकटाच असेन.

पण आता एकटा राहणार नाही. काल पत्र आलं. कोल्हापूरजवळच्या कॅम्पात पोलंडची निर्वासित माणसं आहेत, त्यांतल्या दोन मुली इंग्रजीच्या शिक्षिका होण्यासाठी शिकताहेत. तीन महिने आमच्या भागातल्या शाळांत पाठ घेणार. परक्या देशात त्यांना आधार म्हणून माझी नेमणूक. राहणं-जेवण माझ्या घरी, पाठांची तयारी माझ्याकडून. हुद्दा, को-ऑर्डिनेटर. शब्द तीनदा वाचला. मध्ये आडवी रेघ आहे.

संकल्प: दोघींकडून अठराही कडवी पाठ करून घेणे. मग त्या जगात जातील तिथे ती शिकवतील. मग मी मेलो तरी हरकत नाही.

४ डिसेंबर

दारावर लावायला पाटी हवी म्हणून केरबा पेंटरकडे गेलो. केरबा म्हणाला, "मास्तर, साहेब निगाला घरला, आन तुमी आता त्येच्या भाषेत पाटी लावताय व्हय?" त्याला म्हटलं, साहेब जाईल, कविता राहील. त्यानं शब्दाचा अर्थ विचारला. मी म्हणालो, लांबलांबच्या माणसांना एकत्र आणून जुळवून देणारा. "म्हंजी लग्नं जमवताय. झ्याक."

अडाण्याशी वाद घालायचा नाही असं ठरवलं आहे.

९ डिसेंबर

आल्या. हालिना, वय बावीस. यानिना, एकवीस. दोघींची मिळून एक ट्रंक. पोलंडहून निघून सात वर्षं झाली म्हणे. मध्ये सैबेरिया, इराण, कराची. म्हणजे भूगोल पक्का असणार.

माझी धाकटी बहीण राही विधवा झाल्यापासून घर सांभाळते. तिला अक्षरओळख नाही. तिला स्पष्ट बजावलं, या मुलींशी बोलायचं नाही, त्यांच्या कानावर अशुद्ध काही पडता कामा नये. राही म्हणाली, "बरं दादा. मुकी हाय म्हन तुज्या पावण्यास्नी."

समंजस आहे.

१६ डिसेंबर

पहिल्या कडव्यावर आठवडाभर व्याख्यान झालं. रूळ नवा आणला. यानिना दर दहा मिनिटांनी जांभई देते. शुभ लक्षण. खोल श्वासाशिवाय लांब ओळ पेलत नाही.

तास संपला की दोघी पाणी प्यायला स्वयंपाकघरात जातात आणि दीड-दोन तासांनी परततात. थंड देशातल्या माणसांना इथली तहान सोसत नसावी. राहीला दुसरा माठ भरून ठेवायला सांगितलं. ती पदराआड हसली. का, कळलं नाही.

२९ डिसेंबर

प्रगती. यानिना: दोन कडवी, मधे अडखळत. हालिना: एक कडवं, तेही माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघत. तिचं लक्ष नदीकडे असावं. इथून कृष्णा दिसते हे मी मुद्दाम सांगितलं नव्हतं, कवितेतली नदी आधी.

हालिनाच्या हाताला भाजल्याचा डाग आहे. विचारलं तर म्हणाली, तवा. इंग्रजी वाक्यात तवा हा शब्द कुठून आला?

७ जानेवारी १९४७

आज सकाळी दारात दूधवाली मनुबाईशी कुणीतरी भांडत होतं. "आवं मनुबाई, दुदात पानी लय झालंय. काल बी तसंच. आमी काय आंदळं हाय व्हय?" मला वाटलं राही. बाहेर आलो तर हालिना. पिवळे केस, कमरेवर हात. मनुबाईनं गोऱ्या तोंडाकडे बघत माप भरलं. वर अर्धा शेर जास्त घालून गेली.

राहीला जाब विचारला. म्हणाली, "मी न्हाई शिकवलं. ती इचारती, मी सांगती. मुकी हुते तंवर मुकी हुते. पोरगी चुलीम्होरं बसून रडाय लागली, मग कसं गप बसू?"

संकल्प: उद्यापासून स्वयंपाकघराच्या दाराला कडी.

८ जानेवारी

कडी लावली. जेवण मिळालं नाही. कडी काढली.

२२ जानेवारी

परीक्षेची तारीख आली. ६ फेब्रुवारीला पलूसच्या शाळेत हालिनाचा नमुना पाठ, कॅम्पाचे शिक्षणाचे साहेब स्वतः बघणार. पलूस माझं जन्मगाव. मनाला फार बरं वाटलं. तिच्यासाठी चौदा पानी टिपण लिहिलं. सुरुवात कवितेच्या दुसऱ्या कडव्यानं, शेवट पाचव्यानं, मध्ये वृत्ताची चर्चा. मुलं चौथीतली आहेत, पण उंच ठेवलं की उड्या मारतात.

हालिनानं टिपण दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं. डोळे भरून आले. तिचे नाहीत, माझे.

६ फेब्रुवारी. पलूसहून परत, संध्याकाळी.

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

राही बरोबर आली होती. आपलं गाव बघते म्हणाली. तिच्या हातात झाकलेली टोपली होती, मला वाटलं दशम्या. हालिना वर्गात गेली, टिपण टेबलावर ठेवलं आणि त्यावर परात ठेवली. चौदा पानांवर परात. टोपलीतून पीठ काढलं. धिस इज फ्लाउर. धिस इज वॉटर. दोघी मिळून भाकरी थापायला लागल्या. मुलं आधी हसली, मग एकेक पुढे आलं. कोळशाच्या शेगडीवर तवा तापला आणि तीस मुलं एका सुरात हॉट, हॉट म्हणून ओरडत होती. धुळा नावाच्या मेंढक्याच्या पोरानं भाकरी उलटली आणि नाऊ टर्न, नाऊ टर्न असं आपल्या मनानं म्हणाला. कविता नाही, वृत्त नाही. एकही कडवं नाही.

मी मागच्या बाकावर बसून रूळ हातात धरून होतो.

साहेब उठले, माझ्याकडे आले. मी हात पुढे केला, त्यांनी तो धरला आणि हलकेच बाजूला सारला, कारण मागे राही उभी होती. तिच्याशी हात मिळवला. पिठाचा हात. त्यांनी हालिनाला विचारलं, ही पद्धत तुला कुणी शिकवली? मी खाकरलो. हालिना राहीकडे बघून म्हणाली, माय मावशी.

गाडीत राही म्हणाली, "दादा, तुजी पानं सांबाळून आणल्यात. जरा पीठ लागलंय."

७ फेब्रुवारी

विचारांती: पाठ बरा झाला. वातावरण माझ्या घरातलं होतं, म्हणजे अंतिम श्रेय हुद्द्याकडेच जातं. दारावरची पाटी पुसून लख्ख केली.

११ फेब्रुवारी. पहाटे.

दिवा लावून लिहितो आहे.

आज जात्याच्या आवाजानं जाग आली. जात्याबरोबर दोन बायकांचा आवाज, एक जाडसर, एक कोवळा. ओवी असेल म्हणून कूस बदलली. मग शब्द ऐकू आले. नदीची कविता. इंग्रजीत. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं, जात्याच्या चालीवर. जिथे हलका हवा तिथे हेल, जिथे जड हवा तिथे सूर ओढलेला, आणि प्रत्येक कडव्याअखेर "गं बाई". चौथं. पाचवं. मी अंथरुणात बसून राहिलो. नववं. दहावं. एकही ओळ सुटली नाही. शब्द वाकडेतिकडे, पण अठराची अठरा.

छप्पन्न वर्षं जपलेलं वृत्त माझ्याच घरात दळलं गेलं.

स्वयंपाकघरात गेलो. राही आणि हालिना समोरासमोर, खुंट्यावर दोघींचे हात. राहीला म्हटलं, ही तुझ्याकडे कुठून आली? म्हणाली, "सुट्टीला घरी आलास की तू अंगणात येरझाऱ्या घालत घोकत हुतास. मी आन आई दळत हुतो. आपसूक बसली. आई बी म्हनायची, मरस्तोवर." म्हटलं, तुला अर्थ तरी कळतो का? "न्हाई. पर दळन लवकर सरतं."

हालिना म्हणाली, तिची आई पीठ मळताना गात असे. आई सैबेरियात राहिली, चाल आठवत नव्हती. आता आठवण्यासारखं काहीतरी मिळालं. याचा वृत्ताशी काय संबंध, मला समजलं नाही. मी म्हणालो, तालाची चूक आहे. माझ्या वर्गात ती एका कडव्यापुढे गेली नाही आणि इथे चोरून अठरा.

विश्वासघात. दुसरा शब्द नाही. आई, बहीण आणि विद्यार्थिनी, तिघींचा.

१२ फेब्रुवारी

राहीशी बोलणं बंद.

१३ फेब्रुवारी

मीठ कुठे आहे ते विचारावं लागलं.

१ मार्च, शनिवार

साहेबांचा अहवाल. दोघी उत्तीर्ण. माझ्याविषयी एक ओळ: को-ऑर्डिनेटर यांच्या घरचं वातावरण उपयुक्त, विशेषतः स्वयंपाकघर.

हालिनाचा भाऊ पोलंडच्या सैन्यातून विलायतेत उतरला आहे. तिला बोलावणं आलं, तिथेच लहान मुलांना शिकवेल. म्हणजे ती कवितेतल्या नदीच्या देशात चालली. आणि जाताना काय घेऊन चालली? जात्यावरची चाल. त्या नदीकाठी उभी राहून "गं बाई" म्हणणार. माझं नाव सांगू नकोस, असं तिला बजावणार आहे. किंवा नावापुरतं सांगितलं तरी चालेल.

५ मार्च. स्टेशनवरून.

निरोपाचं भाषण खिशात होतं. यानिनानं मला वाकून नमस्कार केला. हालिनानंही केला. मग ती राहीच्या गळ्यात पडली आणि गाडी हलेपर्यंत सुटली नाही. राही म्हणत होती, "जा गं बये. पोचलीस की कागूद धाड. दादा वाचून दावंल." भाषण खिशातच राहिलं. सात मिनिटांचं होतं.

घरी आल्यावर पाटी उतरवली. केरबा रस्त्यानं जाताना म्हणाला, "का वो मास्तर, जमलं न्हाई का लगीन?"

९ मार्च

राहीनं पाटी पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवली. बरोबर बसली.

पहाटे जातं एकट्याच्या हातानं चालतं. राही आजकाल गात नाही. घर फार शांत आहे. लेखनाला अनुकूल. काही लिहिलं नाही.

१२ मार्च, बुधवार. दुपारी चार.

राही गिरणीकडच्या लीलाबाईंकडे गेली होती. मी ओसरीवर एकटा बसून रुळानं ठेका धरला, अठराही कडवी म्हणून बघितली. शुद्ध. हलका, जड, हलका, जड. ऐकायला कुणी नव्हतं. शेवटच्या कडव्यात दारावर थाप पडली. चुकीच्या ठेक्यात.

दार उघडलं. हालिना. धुळीनं भरलेली, एकटी, हातात काही नाही. आता ती मुंबईत बोटीवर असायला हवी होती. म्हणाली, बोट आठवडाभर लांबली, कॅम्पात परत आणलं, तिथून आज सकाळच्या गाडीनं आले, रात्रीच्या गाडीनं जायचं आहे. मग म्हणाली, "मास्तर, बारावं कडवं ध्यानातनं गेलंय. अकरा येतंय, तेरा येतंय. मदीच भोक पडलंय."

माझी छाती भरून आली. इतक्या लांबून, एका कडव्यासाठी. खुर्ची पुढे ओढली, चष्मा पुसला, रूळ उचलला. म्हटलं, बस. बारावं मी सांगतो.

ती बसली नाही. माझ्या खांद्यावरून आत, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिली.

"तुमचं न्हाई वो मास्तर," ती म्हणाली. "मावशीचं पायजे. कुटं गेल्यात?"