वादळानंतर बाळाची जागा

कुंभकोणम, डिसेंबर १९५२

सौ. इंदुमतीस कावेरीकाठाहून आशीर्वाद.

मी खुशाल आहे. आईंचा गुडघा कसा आहे? तू वेळेवर जेवतेस ना?

वादळाचं तुला कळलंच असेल. आपल्या घराची थोडी कौलं तेवढी उडाली. पण इथल्या मराठी मंडळींच्या जुन्या स्मशानात पाणी शिरलं आणि इथल्या मराठा राजांच्या काळातल्या समाध्यांवर झाडं कोसळली. काहीजण म्हणाले, सोडून द्या आता. आपले घरमालक मुकुंदराव ऐकेनात. "वाडवडील आमचे, सोडायचें कसें?" तेव्हापासून घरोघरची माणसं रोज गाळ उपसतात. ऑफिस सुटलं की मीही जातो.

इंदू, आपल्या बाळाला पुरलं होतं तिथला उंचवटा वाहून गेला. मी पुष्कळ शोधलं. काल मुकुंदरावांच्या मीनाक्षीबाईंनी मला हाताला धरून एका जागी नेलं. "इथेंच आहे तुमचें लेकरूं," म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःच्या सासऱ्यांच्या समाधीचा निखळलेला दगड तिथं रोवला. मग आम्ही दोघं तिथंच बसलो.

त्यांनी जागा कशी ओळखली, ते मी विचारलं नाही. तू आलीस की तूही विचारू नकोस.

जिवाला जप.

तुझा,
यशवंत