पाणी न विचारणारी चाळ

वागळे इस्टेट, ठाणे

तीर्थरूप सगुणाअक्कास धाकट्या गोमाजीचा साष्टांग नमस्कार.

प्रकृती ठीक आहे. मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस असते. नेण्या-आणण्यास चाळीतील माणसे पाळीपाळीने येतात. दिवसास तीन पेल्यांहून अधिक पाणी मला वर्ज्य आहे.

गेल्या महिन्यात चार घरी गेलो. एकाही घरी पाणी विचारले नाही. हा अपमान समजून मी शेजारच्या माधवीबाईंस चांगले सुनावले. त्या म्हणाल्या, "काका, आम्ही सगळ्यांनी ठरवलंय. तुम्हाला पाणी विचारायचं नाही, तुमच्यासमोर प्यायचंही नाही. रागवा हवं तर."

मी क्षमा मागितली. तरीही परवा जिन्याखालच्या पिंपातून दोन तांबे लपून प्यायलो. छातीत पाणी भरले, श्वास कोंडला. चाळीनेच उचलून इस्पितळात नेले. कोणी एका शब्दाने बोलले नाही. पिंपास कुलूप लावण्यास मीच सांगितले. किल्ली माधवीबाईंकडे आहे.

तू काळजी करू नयेस. तुझे गुडघे कसे आहेत? गाय व्याली का? सर्व सविस्तर कळव. आपल्या विहिरीस पाणी किती आहे, तेवढे मात्र लिहू नकोस.

तुझा धाकटा,
गोमाजी