टाका न घातलेला चौकोन

आई, परवा माझ्या सुनेनं तुझी गोधडी उन्हात टाकली आणि मधल्या ठिगळाबद्दल विचारलं. तुझ्याइतकं सहज खोटं मला बोलता आलं नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

पाथरीच्या घरी टपालवाल्याची हाक आली की तू पिठाच्या हातांनीच ओसरीवर यायचीस. तुझी बालमैत्रीण, जिला मी मावशी म्हणायचे, लग्न होऊन नगरकडे इंग्रजी मुलखात गेली आणि तू इकडे निजामाच्या मोगलाईतच राहिलीस. वर्षानुवर्षं भेट नाही. तू मण्यांचं तोरण पाठवायचीस, ती दोऱ्याचा विणलेला रुमाल. पार्सलचं फडकंसुद्धा तसंच परत जायचं नाही, त्याच्या काठावर काहीतरी भरलेलं असायचं. मावशीचा रुमाल आला की तू आधी उलटी बाजू बघायचीस. "गाठ दिसायलीय का बघ गं," म्हणायचीस. गाठ कधीच सापडायची नाही आणि तुझा चेहरा जरासा उतरायचा. मला त्याची फार गंमत वाटे.

इंग्रज गेले त्या वर्षी आलेलं पार्सल मात्र नाक्यावर उसवून जाड दोऱ्यानं पुन्हा शिवलेलं होतं. आत केशरी, पांढरा आणि हिरवा असा रुमाल. मावशीनं आनंदात पाठवला असणार. इकडे आपल्यावर निजामाचंच राज्य आहे हे तिच्या ध्यानात राहिलं नसेल. अण्णांनी तो पाहिला आणि दार लावून घेतलं. "आत्ताच्या आत्ता जाळ. मी कचेरीत नोकरी करायलोय, ठाऊक हाय ना तुला?"

"हाताचं काम हाय ते. चुलीत कसं घालू?" तू म्हणालीस.

अण्णा कचेरीत गेल्यावर तू अर्धी झालेली गोधडी काढलीस, रुमाल जुन्या लुगड्यांच्या थरांमध्ये ठेवलास आणि बाहेरून ओळी घालत आलीस. मी अकरा वर्षांची. चुलीपासून आजी तुला ओरडून बोलावत होती, तेव्हा सुई माझ्या हाती देऊन तू उठलीस. "मधी पण आरपार टाके घाल. कुटं फुगीर राहू देऊ नको."

मी बसले आहे. सुई रुमालाच्या काठाशी येते आणि मी ती वळवते. चारी बाजूंनी वळवते. तू परत येतेस तेव्हा मी गोधडीची घडी घातलेली असते.

चार दिवसांनी जमादार आणि दोन शिपाई आले. त्यांना काय शोधायचं ते माहीत होतं. धान्याच्या कणग्या पालथ्या केल्या, देव खाली उतरवले. काही सापडेना तेव्हा जमादार टेकायला म्हणून गोधडीवर बसला. सगळी गोधडी ओळींनी घट्ट आणि मध्ये वीतभर मऊ. त्यानं हात फिरवला, पुन्हा फिरवला. "इसमें क्या रखा है, अम्मा?" मग चाकू मागवला.

अण्णांना परभणीला नेलं. तिथंच तापानं गेले, असा निरोप आला. मधेच टाके का नव्हते, असं आजीनं तुला विचारलं तेव्हा मी दाराआड उभी होते. "माझेच टाके राहिले तिथं," तू म्हणालीस. माझ्याकडे पाहिलंही नाहीस. पण माझा टाका तुला ठाऊक नव्हता, असं कोण म्हणेल? तो उजवीकडे कलतो, अजूनही.

त्यानंतर तू सुई धरली नाहीस; चाकूनं फाडलेल्या जागी ठिगळही मीच लावलं. पुढे निजाम गेला, मावशीचं पार्सल आलं, तू ते न उघडता फडताळात ठेवलंस. ते मी उघडलं आणि तुझ्या नावानं उलट तोरण पाठवलं. अशी बारा-तेरा वर्षं. तू गेलीस तेही मी तिला कळवलं नाही. शेवटी तिनंच लिहिलं, "तुझे टाके बदलले गं. तब्येत बरी हाय ना?" त्या पत्राला उत्तर दिलं नाही. मग मी दुसऱ्या बायकांशी देवाणघेवाण धरली, कोल्हापूर, धारवाड, कुठं कुठं. आयुष्यभर लोक म्हणाले, काय हौस आहे हिला.

हे कागद मी पार्सलच्या जुन्या फडक्यात गुंडाळून ठेवीन. पाठवायला पत्ताही नाही. सुनेला सांगितलं, आत मावशीचा रुमाल होता, त्या कलाकुसरीला सुई टोचवेना म्हणून लहानपणी चौकोन सोडला होता, तोच पुढे फाटला. ती म्हणाली, किती जीव होता हो तुमचा. तसं नव्हतं, आई. तुझं लक्ष नसताना उसवून तो रुमाल मला माझ्या पेटीत ठेवायचा होता.