हजेरीतील सात नावे

बाजा, हंगेरी
मंगळवार, २९ नोव्हेंबर १९८३

आदरणीय श्रीमती एल्स्पेथ रॅनल्ड यांस,
सविनय नमस्कार.

आपणांस थेट पत्र लिहिण्याचा मला काही अधिकार नाही, हे जाणूनच लिहीत आहे. या धिटाईबद्दल प्रथम क्षमा मागते. गेली दोन वर्षे माझे कागद बुडापेस्टच्या प्रकाशन कार्यालयामार्फत आपल्याकडे येतात: बार्ता वेंडेल यांच्या कवितांच्या प्रत्येक ओळीखाली शब्दाला शब्द ठेवून केलेला कच्चा अनुवाद, समासात छंदाच्या खुणा, खाली टिपा. त्यांच्या तळाशी 'के. ओ.' ही दोन अक्षरे असतात. ती मी. केलेमेन ओर्शोया, वय सव्वीस, येथील नगर वाचनालयात नोकरीस. आपली भाषा मी पुस्तकांतून शिकले. ती कोणाला बोलताना मी ऐकलेली नाही. त्यामुळे माझी वाक्ये ताठ वाटतील, त्याबद्दलही क्षमा असावी.

आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा करते. इकडे आठवडाभर डॅन्यूबवरून धुके हटलेले नाही. वाचनालयातली शेगडी धूर करते, त्यामुळे वाचक कोट घालूनच बसतात. बार्ता सर १४ नोव्हेंबरला गेले, हे कार्यालयाने आपणांस कळवले असेलच. शेवटपर्यंत शुद्धीवर होते. त्यांच्या शवपेटीवर कोणीतरी आपण केलेल्या अनुवादाच्या पुस्तकाची जाहिरात ठेवली होती, ती वाऱ्याने दोनदा उडाली आणि दोन्ही वेळा वेगवेगळ्या माणसांनी धावत जाऊन आणली. आमच्या भाषेतले पुस्तक जगात जाते आहे, याचे आमच्या गावाला किती अप्रूप आहे, हे यावरून कळावे.

ते पुस्तक १५ डिसेंबरला छपाईला जाणार, असे कार्यालयाचे पत्र आले आहे. म्हणून आता गप्प राहणे शक्य नाही. बाराव्या कवितेत सात नावे हवी होती. ती माझ्यामुळे आपल्यापर्यंत पोहोचली नाहीत.

'हजेरी' ही ती कविता. निवृत्त शिक्षक रिकाम्या वर्गात उभा राहतो आणि आपल्या आधी मरण पावलेल्या विद्यार्थ्यांची हजेरी घेतो. मुळात प्रत्येक नावापुढे एकेक ओळ आहे. त्या जागी मी एवढेच टंकलिखित केले होते: 'येथे सात नावे पुकारली जातात.' खाली टीप दिली होती, की ही नावे परदेशी वाचकाच्या जिभेवर अडखळतील आणि ती गाळल्याने अर्थाला बाधा येत नाही. ती टीप लिहिताना मला ती खरीही वाटली होती.

आपण त्या जागी 'मग मी नावे पुकारतो' ही ओळ लिहिली आणि तिच्याखाली कोरी जागा सोडली. नियतकालिकात कविता आली तेव्हा तिकडच्या समीक्षकाने त्या कोऱ्या जागेचीच सर्वांत अधिक स्तुती केली. नाव नसलेली मुले जगातल्या प्रत्येक आईची होतात, असे त्याने लिहिले. ते वाक्य मी अनेकदा वाचले आणि प्रत्येक वेळी मला माझी चोरी कोणीतरी दागिना म्हणून मिरवते आहे असे वाटले.

नियतकालिकाचा अंक सप्टेंबरात आला. मी तो घेऊन सरांकडे गेले. त्यांची बहीण रोझालमावशी माशाचे तिखट सूप ढवळीत होत्या. त्या चूल न सोडता म्हणाल्या, "हा म्हणे जगात गेला! पाव आणायला पाठवला तर कोपऱ्यावरच्या दुकानातनं यायला तीन तास लागतात याला."

"तिथं रांग असते, रोझाल," सर म्हणाले. "जगात रांग जरा मोठी आहे, एवढंच."

मग मला म्हणाले, "वाच बघू. आधी त्यांच्या भाषेत. कळणार नाही, पण चाल ऐकू दे. मग आपल्या भाषेत सांग."

मी वाचले, मग उलटा अनुवाद करून सांगितले. ते डोळे मिटून बोटांवर मोजीत होते. मी थांबले तेव्हा त्यांची बोटे अजून एकावरच होती.

"हजेरी घेतली खरी," ते म्हणाले, "पण मुलं कुठायत, ओर्शोया?"

मी परदेशी वाचकाची जीभ पुढे केली. सर हसले.

"अगं, आपल्या चारी बाजूंना भाषा आहेत आणि एकीलाही आपला 'पाव' हा शब्द कळत नाही. म्हणून आपण सगळ्यांची नावं पाठ केली. याच गावातला चांभार परदेशी कादंबऱ्यांतल्या सरदारांची नावं, बापाच्या नावासकट, घडाघडा म्हणायचा. त्याची जीभ नाही अडखळली ती? आणि आता आपली सातच पोरं जगाला जड झाली होय?"

"त्यांना ती कोऱ्या जागेत जास्त आवडलीत, सर."

"त्यांना आवडली असतील. पण हजेरीत नाव न घेतलेलं पोर कुठं जातं, सांग मला. गैरहजरसुद्धा लागत नाही त्याची."

"पोरीला जेवू दे आधी," रोझालमावशींनी वाडगा आपटला. "मेलेल्यांची हजेरी सुपानंतर घ्या."

नावे कळवते, असे मी त्यांना त्या दिवशी वचन दिले. कळवली नाहीत. कागद टंकयंत्रात घालायची. चार नावे होत. पाचव्याला कागद काढून घ्यायची.

एक नोव्हेंबरला, आमच्याकडे सारे गाव मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत जाते, तेव्हा सर माझ्या हाताला धरून चालत होते. एका थडग्याशी आम्ही थांबलो. मी शेवंतीची फुले ठेवली. त्यांनी वाकून मेणबत्ती लावली. वारा असल्याने तीन काड्या लागल्या. उठता उठता त्यांनी विचारले, "पत्र गेलं ना गं?"

मी म्हणाले, "गेलं, सर."

त्यांनी माझा हात थोपटला. त्यानंतर तेराव्या दिवशी ते गेले.

ते थडगे माझ्या भावाचे होते. पाचवे नाव त्याचे आहे: केलेमेन मात्याश.

तो माझ्याहून वर्षाने मोठा. मी अकरा वर्षांची असताना शाळेच्या काव्यपठन स्पर्धेसाठी सरांनी एक लांब कविता निवडली. ती मला संपूर्ण पाठ होती. मी ती चालताना, झोपताना, वेणी घालताना म्हणत असे. "कोण उभं राहील?" असे सरांनी विचारले तेव्हा माझा हात बाकावरून उठला नाही. मात्याशला कवितेचे सोयरसुतक नव्हते. त्याने गंमत म्हणून हात वर केला. मला पहिल्या बाकावर, पुस्तक उघडून, त्याला शब्द सुचवण्यासाठी बसवले.

चौथ्या कडव्यावर तो थांबला. माझ्याकडे पाहून हसला, कारण त्याला खात्री होती. पुढचा शब्द माझ्या ओठांवर होता. ती कविता माझी होती. मी मान खाली घातली.

घरी येताना त्याने विचारले, "काय गं, तुलापण आठवेना?"

मी म्हणाले, "नाही."

"मग ठीक आहे," तो म्हणाला. "मला वाटलं, मीच ढ." आणि त्याने खिशातले अर्धे सफरचंद मला दिले.

पुढच्या जानेवारीत नदीच्या फाट्यावर बर्फ फुटून तो गेला. त्या दोन गोष्टींचा काही संबंध नाही, हे मला कळते. परंतु मधल्या नऊ महिन्यांत मी त्याला खरे सांगू शकले असते, आणि सांगितले नाही. 'हजेरी' हाती येईपर्यंत, जवळपास पंधरा वर्षे, कोणी पाहिले नव्हते असे मी धरून चालले. सर मागच्या भिंतीशी उभे होते.

सरांच्या अंत्यसंस्कारानंतर रोझालमावशींनी मला सरांच्या टेबलाच्या खणातला एक कागद दिला. "तुझ्यासाठी ठेवलाय त्यानं. म्हणाला, तिला घाई करू नकोस. मी म्हटलं, मरणारा तू आणि घाई तिला कसली?" असे म्हणून त्या ओट्याकडे तोंड करून रडल्या.

कागदावर सातही नावे होती, शाळेच्या फळ्यावर लिहावीत तशा सुट्या, मोठ्या अक्षरांत. परक्या माणसाला लागावीत म्हणून. आडनाव आधी, कारण हजेरीत आम्ही तसेच पुकारतो. पाचव्या नावापुढची ओळ त्यांनी खोडून नवी लिहिली होती. पत्र गेलेले नाही, हे त्यांना ठाऊक होते. का गेले नाही, हेही.

कृपया ही नावे त्या कोऱ्या जागेत घालावीत:

बोद्रोगी आम्ब्रुश: फळ्याचा वरचा कोपरा फक्त त्यालाच पुसता येई.
शिपोश कातिंका: तिच्या वहीत चेरीचे डाग.
विदा गास्पार: रोज उशीर, रोज नवे कारण.
तुर्ची लोरांत: सातच्या पाढ्यात अजून अडकलेला.
केलेमेन मात्याश: चौथ्या कडव्यावर थांबला, आणि बहिणीने ओठ मिटले.
होरवात बोरिश्का: हसू आले की नकाशामागे.
पाल दोमोकोश: खिशात जिवंत मासा.

सरांनी पाचव्या ओळीचा शेवट बदलून 'थांबला, आणि हसला' असा केला होता. मला टपालपेटीपर्यंत जाता यावे म्हणून त्यांनी स्वतःची कविता मोडली. ती नवी ओळही खोटी नाही. तो खरोखरच हसला होता. तरीही सरांनी खोडलेली ओळच आपण छापावी, अशी हात जोडून विनंती आहे. तो कोणाकडे पाहून हसला, हे त्या ओळीशिवाय कोणाला कळणार नाही.

नावे घातल्याने कविता जगाच्या दृष्टीने कदाचित लहान होईल. समीक्षकाला कोरी जागा अधिक आवडेल. आपली मेहनत वाया गेली, असे आपणांस वाटले तर तो दोष सर्वस्वी माझा. पण ही सात मुले जगातल्या प्रत्येक आईची नव्हती. त्यांतला एक माझ्या आईचा होता. ती अजून त्याचे स्केट दाराशी ठेवते.

आपली नम्र,
केलेमेन मात्याशची बहीण,
केलेमेन ओर्शोया

ता. क. हे पत्र तीन दिवस कोटाच्या खिशात होते. बाजाच्या मुख्य टपाल कार्यालयात नोंदणी करून दिले: शुक्रवार, २ डिसेंबर १९८३, दुपारी चार वाजून दहा मिनिटे.